इंग्रजी क्रियापदांच्या मागून चालणारी अव्यये

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही तेव्हा महाविद्यालयात नुकतेच इंग्रजी शिकवू लागलो होतो, आणि नव्या अध्यापकाच्या अंगी लाल शाईचा जो एक उत्साह असतो तो आमच्याही अंगी पुरेपूर होता. प्रथम वर्षाच्या वर्गास एखाद्या आठवणीवर निबंध लिहावयास सांगितले असता एका मुलाने आपल्या आजीच्या अखेरच्या दिवसाविषयी लिहिले. कित्येक दिवस अंथरुणास खिळलेली ती म्हातारी त्या सकाळी आपण होऊन बसती झाली, तिने पाणी मागितले, नातवाच्या तोंडावरून हात फिरविला आणि ती पुन्हा आडवी झाली. मुलाने पहिल्या क्रियेसाठी ‘सॅट अप’ व शेवटच्या क्रियेसाठी ‘ले डाउन’ असे शब्द योजिले होते. आम्हांस ते बाळबोध वाटले. आम्ही ते खोडून एकाच्या जागी ‘अरोज’ आणि दुसऱ्याच्या जागी ‘रिक्लाइन्ड’ असे भारदस्त शब्द घातले. वही परत घेताना तो मुलगा क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, “सर, आजी उठली नव्हती. ती नुसती उठून बसली होती.”

आम्ही त्यास काय उत्तर दिले ते आज आठवत नाही. बहुधा शैलीविषयी काही तरी सांगितले असावे. परंतु त्या मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ज्या स्त्रीस उभे राहण्याचे त्राण उरले नव्हते तिला आम्ही लाल शाईने उभे केले होते; आणि जी मरणोन्मुख होऊन पाठ टेकती झाली तिला ऐषआरामात लोडाशी रेलून बसविले होते. इंग्रजीतील ‘अप’ आणि ‘डाउन’ हे दोन क्षुद्र शब्द आम्ही टाकून दिले, आणि त्यांच्याबरोबर त्या सकाळची सगळी हकीकतच टाकून दिली. पुढे पुष्कळ वर्षे हे शल्य मनात राहिले, आणि त्यातूनच या लहानशा शब्दांचा पूर्वेतिहास शोधण्याचा नाद आम्हांस लागला. त्याचे फळ वाचकांपुढे ठेवीत आहो.

ज्या जोडशब्दांस इंग्रजी व्याकरणकार ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात, त्यांत एक साधे क्रियापद आणि त्याच्या मागून चालणारे एक अव्यय असते. त्यांचे अर्थ पुढे अनेक वाटांनी भटकले. पण मुळात हे अव्यय दिशा दाखविण्यासाठी आले. शरीराच्या स्थितीचेच पाहा. नुसते ‘सिट’ म्हटले तर बसून राहणे असाही अर्थ होतो, नुसते ‘स्टँड’ म्हटले तर उभे असणे. या स्थिती झाल्या. त्यांस ‘अप’ किंवा ‘डाउन’ जोडताच स्थिती सुटते आणि स्थित्यंतर सुरू होते. निजलेला मनुष्य बसला तर तो वरच्या दिशेने गेला, म्हणून ‘सिट अप’. उभा असलेला बसला तर तो खालच्या दिशेने गेला, म्हणून ‘सिट डाउन’. शेवटी दोघेही बसलेलेच. परंतु शरीर कोठून आले हे अव्यय सांगते. आपण मराठीत हे काम क्रियापदांच्या जोडीने करितो. आजारी मनुष्य ‘उठून बसतो’, पाहुणा नुसता ‘बसतो’.

चालण्याधावण्याच्या क्रियांत हा भेद अधिकच उघड होतो. इंग्रजीत क्रियापद गतीची तऱ्हा सांगते आणि अव्यय तिचा मार्ग सांगते. धावणे, रांगणे, लंगडणे, घसरणे, यांपैकी कोणतेही क्रियापद घ्यावे आणि त्यास ‘इन’, ‘आउट’, ‘अप’, ‘ओव्हर’ यांपैकी हवे ते अव्यय लावावे. लंगडत आत येणे, रांगत बाहेर पडणे, घसरत खाली जाणे, हे सर्व दोन शब्दांत होते. इतकेच नव्हे, तर एकाच ‘रॅन’ या शब्दाच्या मागे ‘आउट’, ‘डाउन’ आणि ‘अक्रॉस’ अशी माळ लावून इंग्रज लेखक आपल्या नायकास घराबाहेर, पायऱ्यांवरून खाली आणि रस्त्यापलीकडे एका दमात नेतो. आपला नायक धावत घराबाहेर पडतो, पायऱ्या उतरतो आणि रस्ता ओलांडतो; त्यास प्रत्येक वळणावर नवे क्रियापद लागते, आणि धावण्याची गोष्ट एकदा आरंभी सांगून झाली की ती बहुधा गृहीतच धरावी लागते.

हा भेद कोठून आला? येथे आपणांस फार मागे, ज्या काळी संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी यांचे पूर्वज एकाच घरात नांदत होते त्या काळाकडे जावे लागते. हृ धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार कसे निघाले हे आपल्याकडे शाळेतील मुलासही ठाऊक असते. उपसर्ग हा धातूच्या डोक्यावर घट्ट बसलेला असतो अशीच आपली समजूत. पण वेदांची भाषा तशी नाही. तेथे उपसर्ग धातूपासून सुटा राहतो. दोहोंच्या मध्ये इतर शब्द खुशाल येऊन बसतात, आणि क्वचित उपसर्ग धातूच्या मागूनही चालतो. पाणिनीच्या सूक्ष्म दृष्टीतून हे सुटले नाही. उपसर्ग धातूच्या पूर्वी यावा असा नियम सांगून त्याने लगेच पुस्ती जोडली आहे की, छंदात तो मागूनही येतो आणि व्यवधानानेही येतो. होमरच्या ग्रीकमध्येही हाच प्रकार आढळतो. उत्तरकालीन ग्रीक वैयाकरणांस वाटले की कवीने जोडलेला शब्द कापला, म्हणून त्यांनी या प्रकारास ‘कापणे’ या अर्थाचे नाव दिले. वस्तुतः कोणी काही कापले नव्हते. ते शब्द अद्याप जोडलेच गेले नव्हते.

त्या एकत्र कुटुंबातील ही अव्यये आजही इंग्रजीत हिंडतात. त्यांचे ‘आउट’ हे आपल्या ‘उत्’चे भावंड आहे, ‘ओव्हर’ हे ‘उपरि’चे. गंमत अशी की त्यांचे ‘अप’ हे आपले ‘उप’ होय, आणि आपला ‘अप’ हा तिकडे ‘ऑफ’ होऊन बसला आहे. धातूंचेही तेच. ‘कम’ हा गम्, ‘सिट’ हा सद्, ‘स्टँड’ हा स्था. आणि ज्या ‘सिट डाउन’ने आमची फजिती केली त्याची प्राचीन प्रत तर दोन्ही भाषांत एका सुंदर शब्दात जपून राहिली आहे. खाली या अर्थाचा ‘नि’ आणि बसणे या अर्थाचा ‘सद्’ यांच्या संयोगाने पक्ष्याच्या बसण्याच्या जागेस जो शब्द झाला तो संस्कृतात ‘नीड’ आणि इंग्रजीत ‘नेस्ट’. गुरूजवळ खाली बसून ऐकावयाची विद्या ती उपनिषद्, तिच्यातही तोच ‘निषद्’ आहे. इंग्रजीतून हा ‘नि’ स्वतंत्र शब्द म्हणून नाहीसा झाला. ‘नेदर’ या जुन्या शब्दात तेवढी त्याची खूण उरली आहे.

मग त्याच्या जागी ‘डाउन’ आला कोठून? या शब्दाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. अँग्लो-सॅक्सन भाषेत ‘डून’ म्हणजे टेकडी. इंग्लंडच्या दक्षिणेस ‘साउथ डाउन्स’ म्हणून जी टेकड्यांची रांग आहे तिचे नाव ऐकून आपला विद्यार्थी गोंधळतो. उंच प्रदेशास ‘डाउन’ कसे म्हणावे? पण तेथे तो शब्द आपल्या मूळ अर्थाने राहिला आहे. ‘ऑफ डूने’ म्हणजे टेकडीवरून. हे बोलता बोलता पुढचे ‘ऑफ’ झिजून नुसता ‘अ’ राहिला, मग तोही गळाला, आणि टेकडीचे नाव तेवढे ‘खाली’ या अर्थाने उरले. ‘अवे’ हा शब्दही असाच. मुळात तो ‘वाटेवर’ एवढ्याच अर्थाचा. जो वाटेला लागला तो दूर गेला. ‘बॅक’ म्हणजे पाठ. आपण जसे पाठीवरून ‘पाठी’ आणि ‘पाठोपाठ’ केले तसेच त्यांनी केले. अव्ययांची ही टाकसाळ ग्रंथकारांची नव्हे. टेकडीवरून मेंढरे उतरविणाऱ्यांची आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्यांची आहे, असे या व्युत्पत्ती पाहून वाटल्याखेरीज राहत नाही.

अँग्लो-सॅक्सन काळी ही दिशादर्शक अव्यये बरीचशी क्रियापदाच्या पुढे येत. आजच्या जर्मन भाषेत ती अवस्था अजून पाहावयास मिळते. कोशात ‘उठणे’ यास ‘आउफश्टेहेन’ हा जोडशब्द आहे. पण ‘मी उठतो’ असे म्हणताना ‘आउफ’ सुटून वाक्याच्या शेवटी जाते. इंग्रजीत पुढे वाक्यरचनाच बदलली, क्रियापद कर्माच्या आधी स्थिरावले आणि अव्ययाने त्याच्या मागची जागा कायमची घेतली. जुने उपसर्ग झिजून निर्बल झाले होते, हेही त्याचे एक कारण. त्यातच नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत डेन लोक वसले. त्यांच्या नॉर्स भाषेत अव्यय मागून लावण्याची रीत आधीच रुळली होती. इंग्रजीस या रीतीचे वळण किती त्यांच्याकडून लागले याविषयी पंडितांत एकमत नाही; परंतु ज्या दोन क्रियापदांवाचून आज हे जोडशब्द पांगळे होतील ती ‘टेक’ आणि ‘गेट’ ही दोन्ही नॉर्स आहेत, एवढे निश्चित. पीटरबरो येथील मठात लिहिली जात असलेली बखर ११५४ सालापर्यंत येऊन थांबते. तिच्यात स्टीफन राजाने बिशपांस कैदेत टाकून त्यांचे किल्ले कसे घेतले याची हकीकत आहे. त्यांनी ते किल्ले सोडून दिले हे सांगण्यास त्या अनाम लेखकाने जे शब्द वापरले ते आजचे ‘गिव्ह अप’च होत.

मात्र ही बखर लिहिली जात असताना इंग्रजी ही पराभूतांची भाषा झाली होती. १०६६ साली नॉर्मन आले, आणि त्यांच्याबरोबर दरबारात, न्यायासनावर आणि पुढे ग्रंथांत फ्रेंच व लॅटिन शब्द आले. ‘एंटर’, ‘डिसेंड’, ‘रिटर्न’, ‘डिपार्ट’ हे सारे त्याच वाटेचे प्रवासी. त्यांची ठेवण देशी शब्दांहून अगदी वेगळी. त्यांत मार्ग क्रियापदाच्या पोटातच असतो. वेगळ्या अव्ययाची गरज नाही. येथून इंग्रजीच्या घरात दोन चुली झाल्या. माजघरात ‘गो डाउन’, दिवाणखान्यात ‘डिसेंड’. वास्तविक दिवाणखान्यातील पाहुण्याची कुळकथा काढून पाहिली तर काय दिसते? ‘डिसेंड’ म्हणजे लॅटिन ‘डे’, खाली, आणि ‘स्कांदेरे’, चढणे. हा स्कांदेरे आपल्या स्कन्द् धातूचा भाऊ. ‘एक्झिट’ म्हणजे ‘एक्स’, बाहेर, आणि जाणे या अर्थाचा ‘इ’ धातू, जो संस्कृतातही तसाच आहे. म्हणजे ‘एक्झिट’ हा रोमन माणसाचा ‘गो आउट’च झाला! ज्याचे टाके दिसेनासे झाले तो शब्द कुलीन, आणि ज्याचे दिसतात तो ग्राम्य, असा हा न्याय आहे.

अठराव्या शतकात हा न्याय शिगेस पोहोचला, आणि त्याचे मूर्तिमंत प्रतीक म्हणजे डॉक्टर जॉन्सन. १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने या जोडशब्दांची मुद्दाम दखल घेतली. परकीयांस याहून अधिक अडचणीचा भाग इंग्रजीत नाही हे ओळखून त्याने ते कष्टाने गोळा केले. एकट्या ‘टेक’ या शब्दाचे त्याने १३४ अर्थ दिले आहेत. इतके असूनही स्वतः लिहावयास बसला म्हणजे हाच जॉन्सन लॅटिन शब्दांची पालखी घेऊन निघे. कोशकार जॉन्सनने जे वेचले ते निबंधकार जॉन्सनने वापरले नाही.

आणि आमच्या दुर्दैवाने, महाराष्ट्रास भेटला तो निबंधकार जॉन्सन. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, आणि त्या पहिल्या पिढ्यांची इंग्रजी ग्रंथांवर पोसली गेली. इंग्रजांच्या स्वयंपाकघरात किंवा अंगणात ती खेळली नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘रासेलस’चे भाषांतर हाती घेतले आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले. विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाले’तून जॉन्सनचे चरित्रही मराठी वाचकांपुढे मांडले. मराठी निबंधास त्यापासून जो डौल आला त्याबद्दल आम्ही कृतज्ञच आहो. हा लेख वाचताना चाणाक्ष वाचकांस त्या डौलाचे उष्टे येथेही सापडेल. पण इंग्रजी लिहिताना आमच्या हाती आला तो दिवाणखाना तेवढा आला. आमचे वडील इंग्रजी पत्रात कोणी गाडीतून उतरल्याचे लिहावयाचे झाले तर ‘अलाइट’ लिहीत, निघाल्याचे लिहावयाचे झाले तर ‘प्रोसीड’. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांस मुखोद्गत होती आणि त्यांचे व्याकरण कधी चुकले नाही; परंतु त्यांच्या इंग्रजीत कोणी कधी साधेपणाने आत आले नाही की बाहेर गेले नाही. आम्ही त्या मुलाच्या वहीत जे केले त्याचा उगम हा असा दूरवरचा आहे. यात आमच्या अपराधाचे क्षालन होते असे मात्र नव्हे.

आमच्या या ओढीस दुसरेही एक कारण आहे, आणि ते अधिक खोल आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने भाषांचे दोन गट दाखविले. काही भाषा मार्ग क्रियापदात ठेवतात, काही तो क्रियापदाबाहेरील लहान शब्दावर सोपवितात. फ्रेंच व स्पॅनिश पहिल्या गटात, इंग्रजी व जर्मन दुसऱ्या. आपली मराठी कोठे बसते हे सांगावयास नकोच: शिरणे, चढणे, उतरणे, ओलांडणे, परतणे. म्हणजे ‘डिसेंड’ आणि ‘एंटर’ हे शब्द आपणांस जवळचे वाटतात ते केवळ भारदस्त म्हणून नव्हे. त्यांचा सांगाडा मराठी क्रियापदाचा आहे म्हणून. टाल्मीचे हे सूत्र घेऊन डॅन स्लोबिन प्रभृतींनी एक मोठा मनोरंजक प्रयोग केला. मुलगा, कुत्रा आणि पळून गेलेला बेडूक यांचे एक शब्दावाचून असलेले चित्रपुस्तक आहे. ते निरनिराळ्या भाषांच्या मुलांपुढे व मोठ्यांपुढे ठेवून गोष्ट सांगावयास लावली. झाडाच्या ढोलीतून घुबड निघते ते चित्र आले की स्पॅनिश बोलणारा नुसते ‘निघाले’ म्हणे. इंग्रजी बोलणारा ते कसे निघाले, उडत की एकदम डोकावून, हे क्रियापदात घाली आणि ‘आउट’ मागे लावी. चित्र एकच, पण डोळे काय टिपतात हे काही अंशी क्रियापदांच्या सवयीवर ठरते, असे स्लोबिनचे म्हणणे.

आता कोणी म्हणेल की, हे शब्द इतके लहान व थोडे, तर ते शिकण्यास अवघड का? हाच विचार केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेनच्या मनात आला. १९३० साली त्याने ‘बेसिक इंग्लिश’ नावाची ८५० शब्दांची भाषा जगापुढे ठेवली. तीत क्रियापदे अवघी अठरा! बाकीचे काम ‘कम’, ‘गो’, ‘पुट’, ‘टेक’ यांस दिशादर्शक अव्यये जोडून भागवावयाचे. ‘एंटर’ नको, ‘गो इन’ पुरे. कल्पना मोठी चतुर होती. चर्चिलसारख्या मुत्सद्द्याने १९४३ साली हार्वर्ड येथील भाषणात तिची पाठ थोपटली. पण ढाक्क्याच्या अध्यापन महाविद्यालयात बंगाली मुलांसाठी पाठ्यपुस्तके रचून अनुभव घेतलेल्या मायकेल वेस्टने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३४ सालीच या योजनेची कसून तपासणी करून ठेविली होती. ‘पुट’ ठाऊक, ‘अप’ ठाऊक आणि ‘विथ’ ठाऊक, म्हणून काही ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे हे परक्यास कळत नाही. शब्द ८५० असले तरी शिकावयाचे अर्थ कितीतरी अधिक. आम्हांस वेस्टचे म्हणणे पटते. मात्र ऑग्डेनने एक गोष्ट बरोबर हेरली होती: जेथवर हे जोडशब्द प्रत्यक्ष हालचालीविषयी बोलतात तेथवर ते निर्मळ आहेत, त्यांचा एक नकाशा काढता येतो. गढूळपणा येतो तो ते हालचाल सोडून मनाच्या व्यवहारात शिरले म्हणजे.

तो नकाशाही वाटतो तितका सोपा नाही, हे ‘उतरणे’ या एका शब्दावरून ध्यानात येईल. आपण बसमधून उतरतो. इंग्रज ‘गेट ऑफ’ म्हणतो, कारण बस ही त्याच्या दृष्टीने पाय ठेवण्याची फळी आहे. मोटारीतून उतरताना तो ‘गेट आउट’ म्हणतो, कारण मोटार ही पेटी. झाडावरून तेवढा तो आपल्यासारखाच ‘डाउन’ येतो. आपण मात्र सर्वत्र ‘गेट डाउन’ लावतो, आणि भारतीय इंग्रजीची ही खूण सर्व जगास ठाऊक झाली आहे. आपण नदीत उतरतो तेव्हा तो ‘इन’ जातो. आणि आपण परगावी धर्मशाळेत उतरलो तर त्याची अव्यये आपल्या दिशेच्या थेट उलट निघतात. तो तेथे ‘पुट अप’ करितो! यात हसण्यासारखे आहे, पण आपण फार हसू नये. आपल्या ‘उतरणे’तच तो ‘उत्’ दडलेला आहे. उत् आणि तृ, म्हणजे पाण्यातून वर निघणे, पार होणे. पार झालेला मनुष्य होडीतून काठावर पाय ठेवतो. होडीची गाडी झाली, आणि वर निघण्याचा शब्द खाली येण्याचा झाला, असा अर्थाचा ओघ दिसतो. उठणे, उडणे, उगवणे यांतही तोच ‘उत्’ आहे. ‘बसणे’ हे तर ‘उपविश्’पासून आलेले, म्हणजे इंग्रजाच्या ‘अप’चे भावंड आपल्या बसण्याच्या तळाशी आहे. वेदांत जो उपसर्ग मोकळा हिंडत होता तो संस्कृताने धातूस बांधला, आणि प्राकृतांनी तो विरघळवून टाकिला. मराठीत त्याची चव उरली, खडा राहिला नाही.

दिशा ही नेहमी डोळ्यांना दिसणारीच असते असेही नाही. इंग्लंडात लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’, आणि ऑक्सफर्डला विद्यार्थी ‘अप’ जातो. विद्यापीठाने हाकलून दिला तर तो ‘सेंट डाउन’ होतो. ही रीत आगगाडीबरोबर आपल्याकडेही आली. पुण्याहून मुंबईस निघालेली गाडी खंडाळ्यापुढे बोरघाट धाडधाड खाली उतरते, कान दडे बसतात, आणि रेल्वेच्या दप्तरी ती तेव्हा ‘अप’ जात असते.

या जोडशब्दांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ सालच्या पुस्तकाने रूढ केले. ते मुळात ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविले होते असे तो स्वतःच सांगतो. म्हणजे निदान आठशे वर्षे लोकांच्या तोंडी असलेल्या वस्तूस नाव मिळाले ते इतक्या उशिरा. त्यानंतर त्यांची पैदास थांबली नाही, उलट वाढली. जहाजाच्या नोंदवहीस ‘लॉग’ म्हणत. त्यावरून यंत्रात प्रवेश करणे म्हणजे ‘लॉग इन’ झाले. ‘साइन अप’, ‘चेक आउट’, ‘बॅक अप’ हे तर आता आमच्या घरातील लहानथोर सर्वांच्या तोंडी आहेत.

मराठी त्यांचे काय करिते हे आम्ही अलीकडे लक्षपूर्वक पाहत असतो. ती त्यांस क्रियापद म्हणून घेतच नाही. संबंध शब्द ती एका घासात नाम म्हणून गिळते आणि त्यास आपले ‘करणे’ जोडते. ‘चेक आउट केले’, ‘बॅकअप घेतला’. परवा आमची पुतणी दूरध्वनीवरून आपल्या आईस बँकेचा व्यवहार समजावून देत होती. “आधी लॉग इन कर,” ती म्हणाली, “आणि मग आत जा.” ‘इन’चा अर्थ ‘आत’ हे त्या मुलीस चांगले ठाऊक आहे, ती आमच्याहून बरे इंग्रजी बोलते. तरी तिला तो ‘इन’ ऐकू आला नाही, जसा पायऱ्यांवरच्या मुलास “खाली उतर” म्हणताना आपणांस ‘उत्’ ऐकू येत नाही.